मंदी, मेळावा आणि कर्ण्याचा ग्रामोफोन

मंदी आली की तिचा फटका कोणाकोणाला बसला याच्या याद्या वर्तमानपत्रांतून येऊ लागतात. मोटारी किती कमी खपल्या, घरांचे भाव किती उतरले, किती कारखान्यांना टाळे लागले, किती हात रिकामे झाले. या याद्यांत जुन्या फोनोग्राफच्या संग्राहकांच्या मेळाव्याचे नाव कधीच नसते, आणि नसते हे योग्यच आहे. ज्याची नोकरी गेली त्याच्या दुःखापुढे, शंभर वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र घेता आले नाही हे दुःख म्हणजे काहीच नव्हे. तरीही अर्थशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला वाटते की, मंदी नेमके काय मोडते आणि काय शाबूत ठेवते हे पाहायचे असेल, तर असल्या बिनगरजेच्या बाजाराकडेच पाहावे. धान्याचा बाजार मंदीतही चालू राहतो, कारण पोट थांबत नाही. ज्या बाजारात कोणालाही काहीही घेण्याची सक्ती नसते, तिथे मंदीचा हात कुठे पडतो ते उघड दिसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मंदीमुळे अशा मेळाव्यांतील विक्री घटते, हे सर्वांना दिसणारे नुकसान आहे. पण ते भरून निघते. न भरून येणारे नुकसान दुसरेच आहे. मंदीत मधला विक्रेता मेळाव्यातून उठून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातली विद्याही उठून जाते. म्हणून मेळाव्याचे यश गल्ल्यावर मोजणे मला मान्य नाही. आणि हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही. तो आपल्या बेळगाव-धारवाड-मिरजेच्या माळ्यांवर पडलेल्या यंत्रांपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम हे मेळावे म्हणजे काय ते पाहू. एडिसनने १८७७ साली सिलिंडरवर आवाज कोरणारे यंत्र केले, तो फोनोग्राफ. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग काढला, तो ग्रामोफोन. अमेरिकेत या दोहोंना सरसकट फोनोग्राफच म्हणतात. पुढे वीज आली, रेडिओ आला आणि चावीची यंत्रे अडगळीत गेली. तीच अडगळ धुंडाळून यंत्रे जमवणारी, दुरुस्त करणारी, त्यांची देवघेव करणारी मंडळी वर्षातून एक-दोनदा एकत्र जमतात. शिकागोच्या वायव्येस युनियन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथला जून महिन्यातला मेळावा कित्येक वर्षे या मंडळींची पंढरी होती. न्यू जर्सीतील वेन येथेही असा मेळावा भरत आला आहे. मिशिगनमधील संग्राहकांची स्वतंत्र संस्था आहे. इंग्लंडमध्ये तर १९१९ पासून फोनोग्राफ-ग्रामोफोनवाल्यांची संस्था चालत आलेली आहे. मी स्वतः या मेळाव्यांना गेलेलो नाही. संग्राहकांची नियतकालिके, लिलावाच्या याद्या आणि तिकडे जाऊन आलेल्या एक-दोन परिचितांच्या तोंडची वर्णने यांवरून मी त्यांची ओळख करून घेतली आहे.

मेळाव्याचे स्वरूप आपल्या आठवड्याच्या बाजारासारखेच असते. एक मोठे सभागृह किंवा मैदान, ओळीने मांडलेली टेबले, टेबलाला ठरावीक भाडे. कोणी पूर्ण यंत्रे मांडतो, कोणी नुसते कर्णे, कोणी साउंडबॉक्स आणि स्प्रिंगा, कोणी सुयांच्या पत्र्याच्या डब्या, तर कोणी खोक्यांतून तबकड्या. एका कोपऱ्यात कोणीतरी चावी देऊन यंत्र लावतो आणि भोवती माणसे जमतात. यात धनाढ्य असतात, पण ते मोजके. बहुसंख्य माणसे साधीच असतात: निवृत्त शिक्षक, मेकॅनिक, सुतारकामाची आवड असलेले कारकून.

आता मंदी येते तेव्हा काय होते? अमेरिकेत डिसेंबर २००७ पासून जून २००९ पर्यंत मोठी मंदी होती. ती चालू असतानाच २००८ च्या जुलैमध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर पोहोचली. मिशिगनची अवस्था तर सर्वांत बिकट होती. जनरल मोटर्ससारख्या कंपनीने १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा दिवसांत एखादा विक्रेता मेळाव्याला निघताना कोणता हिशेब करत असेल?

समजा, तो चारशे मैलांवरून येतो. टेबलाचे भाडे, गाडीचे पेट्रोल, दोन रात्रींचे लॉज, जेवणखाण असा मिळून त्याचा खर्च चारशे डॉलर होतो. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. त्याच्या टेबलावर चार सामान्य यंत्रे आहेत: एडिसनचे स्टँडर्ड, व्हिक्टरचे पेटीतले व्हिक्ट्रोला, अशी त्या काळी लाखांनी बनलेली. प्रत्येकामागे त्याला शंभर डॉलर सुटतात. चार विकली तर खर्च निघाला. पाचवे काही विकले तर नफा. मंदीत चाराऐवजी दोनच विकली जातात. याचा अर्थ नफा निम्मा झाला असा नाही. त्याला दोनशे डॉलर पदरचे घालून घरी जावे लागले, असा त्याचा अर्थ आहे. भाडे, पेट्रोल आणि लॉज हा खर्च विक्री पाहून कमी होत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपण वर्गात ज्याला स्थिर खर्च म्हणतो तो हाच. एक वर्ष माणूस आवडीपायी सोसतो. दुसऱ्या वर्षी बायको विचारते. तिसऱ्या वर्षी तो येतच नाही.

त्याचा गिऱ्हाईक कोण होता? पहिलेच यंत्र घेऊ पाहणारा, खिशात दोन-तीनशे डॉलर घेऊन आलेला साधा पगारदार. मंदीत हाच सर्वांत आधी थांबतो. तो मेळाव्याला येतो, पण हात खिशातच ठेवतो. दरवाजावरची गर्दी तशी फारशी कमी दिसत नाही. गल्ला मात्र रिकामा राहतो. बघे वाढतात, घेणारे आटतात.

उलट शिखरावरच्या वस्तूंना मंदी फारशी शिवत नाही. ज्याच्याजवळ खरोखर पैसा आहे, तो दुर्मिळ वस्तू समोर आली की मंदी पाहत नाही. पुढे मिळेल याची खात्री नसते, म्हणून तो आजच घेतो. मंदीच्या त्या वर्षांतून अमेरिका पुरती सावरलीही नव्हती, तेव्हा २०१३ मध्ये टॉमी जॉन्सन या कृष्णवर्णीय गायकाची पॅरामाउंट कंपनीची एक तबकडी ३७,१०० डॉलरला विकली गेली. एक तबकडी! त्याच वेळी सामान्य व्हिक्ट्रोलाला गिऱ्हाईक शोधावे लागत होते. शिखर टिकते, तळाशी खोक्यातल्या डॉलर-डॉलरच्या तबकड्याही खपतात. खचतो तो मधला भाग. समाजातल्या मध्यमवर्गाचे जे होते तेच यंत्रांच्या मध्यमवर्गाचे होते.

यात एक विसंगती आहे ती ध्यानात घेण्यासारखी आहे. मंदीत माल कमी होत नाही, वाढतो. अडचणीत आलेली कुटुंबे माळ्यावरची वस्तू खाली काढतात. म्हातारे संग्राहक निवर्ततात आणि वारसांना रोख रक्कम हवी असते. माल मुबलक, भाव उतरलेले, तरीही मेळावा ओस, कारण भाव उतरले की विक्रेता म्हणतो, ‘या भावात देण्यापेक्षा घरी ठेवलेले बरे.’ जो थांबू शकतो तो थांबतो. ज्याला थांबता येत नाही तो मेळाव्यापर्यंत न येता मिळेल त्या किमतीला दारावरच देऊन टाकतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल. ‘मेळावे ओस पडले ते मंदीमुळे कशावरून? १९९५ पासून घरबसल्या लिलाव करण्याची सोय झाली. शिवाय आजोबांच्या ग्रामोफोनची आठवण असलेली पिढीच संपत आली. दोष काळाचा, मंदीचा नव्हे.’ या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. पण कारण आणि निमित्त यांतला फरक पाहिला पाहिजे. वठत चाललेले झाड वादळात पडते, तेव्हा वादळाला बाजूला ठेवता येत नाही. वादळ झाले नसते तर त्या झाडाला आणखी वीस वर्षे सावली देता आली असती. मेळाव्याला जाण्याची सवय एकदा सुटली की मंदी ओसरल्यावर ती आपोआप परत येत नाही. तोपर्यंत विक्रेत्याने पडद्यावर माल विकायला शिकून घेतलेले असते, आयोजकांना त्या तारखेला सभागृह मिळत नाही, आणि जो तरुण त्या वर्षी पहिल्यांदा यायचा तो दुसऱ्याच नादाला लागलेला असतो. अर्थव्यवस्था सावरते, मोडलेला परिपाठ सावरत नाही.

तर मग नुकसान कशाचे झाले? वस्तू तर पडद्यावरूनही मिळतात. माझ्या मते इथेच खरा मुद्दा आहे.

जुने यंत्र चित्रावरून ओळखता येत नाही. चावी देताना आत स्प्रिंगेचा ‘धप्’ असा आवाज आला, तर तिला घातलेले वंगण घट्ट झाले आहे, हे कानाने कळते. साउंडबॉक्समधली रबराची गोल कडी कडक झाली की आवाज चिरका होतो. विसाच्या दशकातले काही साउंडबॉक्स आणि आवाजाच्या दांड्या जस्तमिश्रित हलक्या ओतीव धातूच्या असत. तो धातू वर्षांनुवर्षे आतल्या आत फुगतो, त्याला भेगा पडतात आणि हात लावताच तुकडा निघतो. अभ्रकाचा पडदा मूळचा की नंतर बसवलेला, गव्हर्नरची वजने सारखी फिरतात की नाही, पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी का घालावी, हे सारे दहा मिनिटांत कोणीतरी टेबलामागचा माणूस दाखवतो. तो दाखवण्याचे पैसे घेत नाही. पण तो तिथे उभा राहू शकतो याचे कारण त्याची चार सामान्य यंत्रे विकली जातात, हे आहे. म्हणजेच ही शाळा त्या चार यंत्रांच्या नफ्यावर चालते. यंत्रे खपेनाशी झाली की शाळा बंद, आणि शाळा बंद झाल्याची नोंद कुठल्याही जमाखर्चात होत नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्याच निबंधात भारतातील कर्जबाजाराचेही उदाहरण आहे. अशाच कार्याबद्दल पुढे २००१ मध्ये त्याला इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे साधे आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा बेतानेच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. खटारा विकणारा मात्र आनंदाने थांबतो. हळूहळू बाजारात खटारेच उरतात. हा रोग टाळायचा तर घेणाऱ्याचे अज्ञान कमी करणारी काही तरी व्यवस्था लागते. फोनोग्राफच्या बाजारात ती व्यवस्था म्हणजे मेळावा.

मेळावा खिळखिळा झाला की काय होते याचे उदाहरण द्यायला मला अमेरिकेत जावे लागत नाही. ते आपल्याच देशात तयार होते. नवा ठोकलेला चकचकीत पितळी कर्णा, नव्या लाकडाची अष्टकोनी पेटी, आत कुठल्या तरी मोडक्या पेटी-ग्रामोफोनमधून काढलेली मोटर आणि वर कुत्र्याचे चित्र चिकटवलेले, असा ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ ग्रामोफोन आपल्याकडे जुन्या वस्तूंच्या दुकानांतून पर्यटकांना विकला जातो आणि परदेशीही जातो. परदेशातील संग्राहकांनी त्याला एक तुच्छतादर्शक नावही ठेवले आहे, ते इथे लिहिण्यासारखे नाही. असे यंत्र मेळाव्याच्या टेबलावर पाच मिनिटेही टिकत नाही. भोवतालची दहा माणसे हसून सांगतात. पडद्यावरच्या चित्रात मात्र ते अस्सलापेक्षा देखणे दिसते. भोळा नवखा त्यात पैसे घालतो, फसतो, आणि पुन्हा या छंदाकडे फिरकत नाही. अस्सल यंत्राचा तो भावी गिऱ्हाईक कायमचा गेला. खोटे नाणे खऱ्या नाण्याला हुसकावते म्हणतात. इथे खोटे यंत्र खऱ्या गिऱ्हाइकालाच हुसकावते.

आता इतिहासाकडे वळू, कारण या यंत्रांनी स्वतःच एक मंदी पाहिली आहे आणि तिच्यापुढे आजच्या मंदीची काहीच मातब्बरी नाही. १९२७ साली अमेरिकेत सुमारे १० कोटी ४० लाख तबकड्या खपल्या होत्या. १९३२ साली तो आकडा सुमारे ६० लाखांवर आला. रेडिओचे आक्रमण आधीच सुरू झाले होते, त्यात महामंदीची भर पडली. ज्याने हे यंत्र जन्माला घातले त्या एडिसनच्या कंपनीने १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये फोनोग्राफ आणि तबकड्यांचा व्यवसायच बंद केला. इंग्लंडात ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या कट्टर प्रतिस्पर्ध्यांना १९३१ मध्ये एकत्र यावे लागले. त्या वर्षांत निघालेल्या तबकड्या इतक्या थोड्या खपल्या की आज त्याच सर्वांत दुर्मिळ आहेत. टॉमी जॉन्सनची ती तबकडीही महामंदीच्या तोंडावरचीच. म्हणजे आजचा धनिक हजारो डॉलर मोजतो ते त्या काळच्या माणसाच्या रिकाम्या खिशाबद्दल!

पण धंदा मेला नाही. का मेला नाही हे पाहण्यासारखे आहे. १९३४ साली अमेरिकेत डेक्का कंपनी आली आणि तिने तबकडी ३५ सेंटला विकायला काढली. नामांकित कंपन्यांच्या तबकडीला तेव्हा ७५ सेंट पडत. दुसरीकडे, दारूबंदी १९३३ मध्ये उठल्यावर गुत्त्यांतून आणि खाणावळींतून नाणे टाकले की गाणे वाजवणारी यंत्रे बसली. ज्याला तबकडी विकत घेणे परवडत नव्हते तो एक नाणे टाकून ऐकू लागला, आणि त्याच्या एका नाण्यात खाणावळीतली वीस माणसे ऐकू लागली. धंदा सावरला तो दोन गोष्टींनी: प्रवेशाची किंमत खाली आली, आणि ऐकणे घरातून निघून चारचौघांत आले.

मला वाटते, मेळाव्यांनी यापासून धडा घ्यावा. मंदीत आयोजक नेमके उलटे करतात. टेबले कमी भरली म्हणून उरलेल्यांचे भाडे वाढवतात, दरवाजावर तिकीट वाढवतात, खर्च भागत नाही म्हणून मेळावा एक वर्ष पुढे ढकलतात. माझे मत असे की भाडे उतरवावे, सभागृह लहान घ्यावे, तीन दिवसांचा एकच दिवस करावा. पण तारीख चुकवू नये. दुरुस्तीचे आणि ऐकण्याचे टेबल सर्वांत आधी मांडावे आणि त्याचे भाडे कोणाकडूनही घेऊ नये. विक्री होईल तेवढी होवो. मंदीत यंत्रे स्वस्त होतात. म्हणजे ज्याच्याजवळ थोडे आहे अशा तरुणाला शिरकाव करण्याची ती खरी वेळ असते. पण ओळख करून देणारे कोणी नसेल, तर स्वस्ताई त्याच्या काय कामाची? तो स्वस्तातले खोटे यंत्र घेऊन घरी जाईल.

‘हे सर्व साता समुद्रापलीकडचे झाले, आपला काय संबंध?’ असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. पहिला धाग्यासारखा सरळ आहे: जुन्या तबकडीचा प्राण असलेली लाख मुख्यतः आपल्याच देशातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये लाखेची चणचण झाली तेव्हा अमेरिकेत तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण आले, आणि जुन्या तबकड्या भंगारात गोळा करून त्यांच्या नव्या करण्यात आल्या. छोटा नागपूरच्या रानातली लाख इथून तिथे जाऊन कोणाचे तरी गाणे झाली, आणि पुन्हा भंगारही झाली.

दुसरा संबंध घरचा आहे. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, १९०८ मध्ये तिथेच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या या टापूतले किती तरी आवाज तबकडीवर गेले. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ, कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर. आणि १९२४ मध्ये आपल्या जवळच्याच सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, ज्यांचा बालवयातला आवाजही तबकडीवर आहे. या मंडळींपैकी कोण मराठी आणि कोण कानडी असा वाद घालत बसले तर सुई तबकडीवर टेकायच्या आतच दुपार निघून जाईल. ज्या मासिकाची अर्धी पाने मराठीत आणि अर्धी कानडीत छापली जातात, त्याच्या वाचकांना हे अधिक सांगायला नको.

ही यंत्रे आणि या तबकड्या आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून आहेत. घरची चणचण वाढली की त्या खाली येतात. आपल्याकडे मेळाव्याची टेबले नाहीत, म्हणून त्या सरळ भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. कर्णा पितळेच्या वजनाने मोडीत जातो. पेटीतली मोटर कोणीतरी त्या अष्टकोनी खोट्या यंत्रासाठी उचलतो. तबकडी फुटते, आणि फुटली की तिच्यावर आणखी कोणाकडे दुसरी प्रत असेल तरच तो आवाज उरतो. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी उभी हयात उद्यमबागेतल्या कारखान्यांत टर्नर म्हणून काढली, आणि तुटलेल्या स्प्रिंगेला नवे टोक काढून ती पुन्हा पिंपात बसवणे त्यांना लीलया जमते. बोटे कापणारे काम आहे ते. त्यांच्याकडे आता वर्षाकाठी दोन-तीन यंत्रे येतात आणि शिकायला कोणीही येत नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, काम शिकवायला मोडकं यंत्र लागतं आणि शिकणारा लागतो. दोन्ही एका जागी येतात कुठं?’’

या एका वाक्यात मेळाव्याची सगळी व्याख्या आली आहे. मोडके यंत्र आणि शिकणारा यांना एका जागी आणणे म्हणजे मेळावा. मुंबईत १९९० मध्ये तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली आणि श्रवणाच्या बैठकी भरू लागल्या. त्यात विक्रीची टेबले हा मुख्य भाग नव्हता. एकत्र बसून ऐकणे आणि ऐकलेल्याची नोंद करणे हा होता. मला हा नमुना आपल्या खिशाला आणि स्वभावाला अधिक मानवणारा वाटतो.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती मी आपल्या महाविद्यालयापुढेच ठेवतो. वर्षातून एक शनिवार दुपारी आपले सभागृह यासाठी उघडावे. टेबलाचे भाडे नाही, तिकीट नाही, खर्च चहाचा. गावातल्या आणि आसपासच्या घरांना सांगावे की तुमचे यंत्र चालू असो की बंद, घेऊन या. आणलेले प्रत्येक यंत्र सर्वांसमक्ष उघडावे आणि ज्यांना कळते त्यांनी ते विद्यार्थ्यांना समजावून द्यावे. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला गव्हर्नर पाहून केंद्रोत्सारी बल कायमचे लक्षात राहील. मराठी आणि कानडी विभागांनी मिळून एक वही ठेवावी. तीत तबकडीचा क्रमांक, कंपनी, गायकाचे नाव, गाण्याची भाषा आणि कोणाच्या घरची, एवढे दोन्ही लिपींत उतरवून घ्यावे. ज्याला विकायचे असेल त्याने चार वाजल्यानंतर विकावे. पण निदान भंगाराचा भाव आणि खरा भाव यांतला फरक ऐकून मग विकावे. गरज असलेल्या घराला ‘विकू नका’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या घराला फसू न देणे मात्र आपल्या हातात आहे.

‘एवढ्याने काय होणार? श्रीमंतांचा शौक तो,’ असे म्हणणारे म्हणतील. शौक श्रीमंतांचा झाला तो मधला माणूस उठून गेला म्हणून. त्याला बसायला जागा दिली तर तो येतो, कारण तो मुळात पैशासाठी आलेलाच नव्हता. पदरचे फार जाऊ नये एवढीच त्याची अपेक्षा होती. युनियनच्या मैदानावर जे भाडे आणि पेट्रोल त्याला परवडेना, ते आपल्या सभागृहात मुळात लागणारच नाही. चांगले दिवस येतील तेव्हा मोठे मेळावे भरवायला पैसेवाले पुष्कळ मिळतील. वाईट दिवसांत दिवा लावून ठेवणे हे संस्थांचे काम आहे, आणि महाविद्यालय ही संस्थाच आहे. सभागृह आहे, शनिवारची दुपार मोकळी आहे आणि उद्यमबागेतले ते गृहस्थ यायला तयार आहेत. शिकणारे तेवढे आपण आणावेत.